दाताचा पत्ता

पेज विल्यम्स यांचं 'द डायनोसॉर आर्टिस्ट' हे पुस्तक मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, कंपनीच्या बसमध्ये, फोनवर. चोरीचा सांगाडा, लिलाव, कोर्टकचेरी. एक झकास थ्रिलर म्हणून वाचलं आणि विसरून गेले. दुसऱ्यांदा वाचलं ते फ्लोरिडात, ऑनसाइट असताना. तेव्हा टेबलावर माझ्यासमोर एक दात पडला होता. नदीतून मीच काढलेला, काळाकुळकुळीत, दोनेक सेंटिमीटरचा. आणि त्याचे चाळीस डॉलर द्यायला एक माणूस तयार होता.

चाळीस डॉलर म्हणजे काही फार नाही. पण आपल्याला फुकट सापडलेल्या वस्तूला कुणीतरी किंमत सांगितली की डोक्यात काहीतरी हलतं. ती वस्तू तोवर 'सापडलेली' असते, त्या क्षणानंतर ती 'आपली' होते. विल्यम्स यांचं पुस्तक नेमकं या हलण्याबद्दल आहे, हे मला दुसऱ्या वाचनात कळलं. आणि या पुस्तकात काय राहून गेलंय, तेही त्या दातामुळेच कळलं.

आधी पुस्तकाबद्दल. ते २०१८ साली आलं. त्याआधी २०१३ मध्ये विल्यम्स यांनी याच प्रकरणावर 'न्यू यॉर्कर'मध्ये मोठा लेख लिहिला होता, त्यातून ते वाढलं. गोष्ट आहे एरिक प्रोकोपी या फ्लोरिडातल्या माणसाची. लहानपणी समुद्रकिनाऱ्यावर शार्कचे जीवाश्म झालेले दात वेचण्यापासून त्याचं वेड सुरू झालं. मग तो नद्यांत बुड्या मारायला लागला, सापडलेली हाडं साफ करून जोडायला शिकला, विकायला लागला आणि हळूहळू त्याचा तोच धंदा झाला. २० मे २०१२ रोजी न्यू यॉर्कमध्ये एका लिलावात त्याने जोडलेला टार्बोसॉरस बटारचा सांगाडा १० लाख ५२ हजार ५०० डॉलरला गेला. टार्बोसॉरस म्हणजे टी. रेक्सचा आशियातला भाऊबंद. सांगाडा चोवीस फूट लांब.

हा सौदा पुरा झालाच नाही. मंगोलियाचे राष्ट्राध्यक्ष एल्बेगदोर्ज यांनी आधीच हरकत घेतली होती. त्यांच्या वतीने आलेला वकील लिलावाच्या हॉलमध्ये फोन हातात धरून उभा राहिला. फोनवर टेक्सासचा न्यायाधीश होता, ज्याने विक्री थांबवायचा हुकूम दिला होता. लिलाव करणाऱ्यांनी तरीही बोली पुरी केली, फक्त कोर्टाच्या निकालाची अट घातली. पुढे अमेरिकन सरकारने थेट सांगाड्यावरच दावा लावला. खटल्याचं नावच होतं 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध एक टायरानोसॉरस बटार सांगाडा'. ऑक्टोबरमध्ये प्रोकोपीला अटक झाली, डिसेंबरमध्ये त्याने गुन्हा कबूल केला. २०१३च्या मे महिन्यात सांगाडा मंगोलियाला परत गेला. २०१४ मध्ये प्रोकोपीला तीन महिन्यांची कैद झाली.

आता प्रश्न असा की सांगाडा मंगोलियाचा, हे ठरवलं कसं? कस्टम्सच्या कागदांवर मूळ देश ग्रेट ब्रिटन लिहिला होता आणि किंमत १५ हजार डॉलर. पण पुराजीवशास्त्रज्ञांनी गोदामात जाऊन सांगाडा पाहिला आणि सांगितलं, की या जातीची अशी हाडं गोबीच्या वाळवंटातल्या नेमेग्ट थरातून येतात. म्हणजे माणसाने कागदावर खोटा पत्ता लिहिला, तरी हाडाने स्वतःचा खरा पत्ता थोडाफार जपून ठेवला होता. मंगोलियात १९२४ पासून जीवाश्म ही खाजगी मालमत्ता होऊ शकत नाही. त्यामुळे एकदा हाड तिथलं ठरलं की मालक ठरला.

पुस्तकाचं सगळ्यात मोठं यश म्हणजे आपल्याला प्रोकोपी आवडायला लागतो. तो गुंड नाही, गप्प राहून राबणारा माणूस आहे. कर्ज काढून जुनी घरं दुरुस्त करतो, रात्र रात्र हाडांवर काम करतो. विल्यम्स त्याची वकिली करत नाहीत आणि त्याला ठोकतही नाहीत. तो कसा एकेक पायरी उतरत गेला ते दाखवतात. किनाऱ्यावरचा दात उचलणं कायदेशीर, नदीतला उचलणं जवळपास तसंच, मग दुसऱ्याने काढलेलं विकत घेणं, मग कुठून काढलं ते न विचारणं, आणि शेवटी फॉर्मवर दुसऱ्याच देशाचं नाव. यातली कुठलीच पायरी उतरताना त्याला आपण गुन्हेगार झालो असं वाटलं नसणार. वाचताना मला मात्र प्रत्येक पायरीवर टेबलावरचा दात दिसत होता.

*

तर तो दात. टॅम्पापासून दीडेक तासावर आर्केडिया नावाचं गाव आहे, तिथून पीस नावाची नदी वाहते. पाणी कमी असताना लोक गुडघाभर पाण्यात उभं राहून फावड्याने तळाची खडी काढतात आणि चाळणीत धुतात. आपल्याकडे वाळू चाळतात तसंच. आम्ही टीममधले चौघं एका शनिवारी गेलो. संध्याकाळपर्यंत चौघांकडे मिळून मूठमूठ शार्कचे दात होते. एका सहकाऱ्याला तळहाताएवढा मेगालोडॉन मिळाला. तो ओळखायला सोपा. त्रिकोणी, कडेला बारीक एकसारखे दाते, आणि मूळ व चकचकीत भाग यांच्यामध्ये एक गडद पट्टा. पांढऱ्या शार्कच्या दाताला हा पट्टा नसतो आणि दातेही जाडेभरडे असतात.

माझ्या चाळणीत जे आलं ते आधी मी जळक्या लाकडाचा तुकडा समजून फेकणार होते. चौकोनी, उभट, बाजूंना पन्हळीसारख्या रेघा. धुतल्यावर वरच्या टोकाला नक्षी दिसली. वेड्यावाकड्या पातळ वळ्यांची, जणू कुणी नागमोडी रेघ काढत काढत बंद केली आहे. ते इनॅमल होतं. गवत चघळून चघळून झिजलेल्या दाढेचा पृष्ठभाग.

पुढचे आठ दिवस ऑफिसनंतर मी एवढंच केलं. गाय-बैलाची दाढ असेल तर आत चंद्रकोरी दिसतात. माझ्यातल्या वळ्या त्याहून गुंतागुंतीच्या होत्या, म्हणजे घोडा. अमेरिकेत हिमयुगापर्यंत रानघोडे होते, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी ते तिथून नाहीसे झाले आणि मग थेट सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी जहाजातून पुन्हा आणले. म्हणजे माझा दात दोनशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याच्या घोड्याचाही असू शकत होता. पण एक बारकावा होता. आजच्या घोड्याच्या वरच्या दाढेत आतल्या बाजूला इनॅमलचा एक लांबट कप्पा असतो, तो बाकीच्या नक्षीला जोडलेला असतो. माझ्या दातात तो तुटक होता. तळ्यातल्या बेटासारखा, एकटा, गोलसर. तीन बोटांच्या लहान घोड्यांचा जो एक मोठा गट लाखो वर्षांपूर्वीच संपला, त्यांच्या दाढेची साधारण हीच खूण आहे. आकारही लहान होता.

हे बेट भिंगातून दिसलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. पहिल्यांदा पगार झाला तेव्हाही मी एवढी खूश नव्हते. आणि खरं सांगायचं तर दुसरा विचार लगेच आला, की मग याचे किती मिळतील?

पुढच्या महिन्यात जीवाश्मांच्या एका विक्री-प्रदर्शनात गेलो. सहकाऱ्याने मेगालोडॉन तिथेच विकला. मी दात दाखवला. व्यापाऱ्याने एका नजरेत ओळखला, माझ्या आठ रात्रींचं काम त्याने चार सेकंदांत केलं. चाळीस म्हणाला. मी उत्साहाने नदीचं नेमकं वळण सांगायला लागले, फोनवर पिन टाकून ठेवलेली होती. त्याने हात हलवला. म्हणाला, एवढं नको, 'पीस नदी' लिहिलं की पुरे, गिऱ्हाईक तेवढंच वाचतं.

तो माणूस लबाड नव्हता. चांगला जाणकार होता, आणि त्याने भावही वाजवी सांगितला होता. पण त्याच्या त्या एका वाक्यानंतर मी दात खिशात घातला आणि घरी येऊन पुस्तक पुन्हा उघडलं.

*

दुसऱ्या वाचनात मला जाणवलं, की विल्यम्स सांगाडा कुणाचा या प्रश्नाचा शेवटपर्यंत पाठपुरावा करतात. मालक कोण, विकणारा कोण, घेणारा कोण, देश कोणता. त्यासाठी त्या मंगोलियाचं राजकारण सांगतात, अमेरिकन मोहिमांचा इतिहास सांगतात, इंग्लंडच्या किनाऱ्यावर जीवाश्म विकून पोट भरणाऱ्या मेरी ॲनिंगपर्यंत मागे जातात. शेवटी लांबलचक टिपा आहेत. मंगोलियाचा भाग मला आवश्यक वाटला. तिथे लोकशाही कशी आली, नव्या सरकारला एक डायनोसॉर परत आणणं एवढं महत्त्वाचं का वाटलं, हे कळल्याशिवाय खटला नुसता कागदी राहतो. बोलोर्तसेत्सेग मिंजिन या मंगोलियन पुराजीवशास्त्रज्ञ बाईंनी लिलावाची बातमी पाहून धोक्याची घंटा वाजवली, तिथे तर मी बसमध्ये उभी राहून वाचत होते. ॲनिंगचा भाग मात्र ओळखीच्या वाटेने जातो. ज्याने या विषयावर एखादंही पुस्तक वाचलंय तो तिथे पानं पुढे सरकवेल.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. हाड विकल्याने विज्ञानाचं नेमकं काय जातं, हे पुस्तक सांगतं, पण दाखवत नाही. 'संदर्भ नष्ट होतो' असं शास्त्रज्ञ म्हणतात, लेखिका ते नोंदवते आणि पुढे जाते. जिला खोदकामाचा गंध नाही अशा माझ्यासारख्या वाचकाला 'संदर्भ' हा शब्द सरकारी फायलीतला वाटतो. परिणाम असा होतो, की प्रोकोपीची कर्जं, त्याचं मोडत चाललेलं घर, हे सगळं हाडामांसाचं वाटतं आणि समोरची बाजू मात्र तत्त्वाची, म्हणून जरा कोरडी. तराजूच्या एका पारड्यात माणूस आणि दुसऱ्यात व्याख्या. अशाने वजन बरोबर होत नाही.

'डायनोसॉर १३' या माहितीपटात हे अजून ठळक दिसतं. टॉड डग्लस मिलर यांचा हा २०१४चा सिनेमा, 'अपोलो ११'च्या आधीचा. साऊथ डकोटात १९९० साली स्यू हेंड्रिक्सन यांना टी. रेक्सचा सांगाडा सापडला, त्यालाच पुढे 'स्यू' म्हणायला लागले. पीटर लार्सन यांच्या खाजगी संस्थेने जमीनमालकाला पाच हजार डॉलरचा चेक देऊन तो काढून नेला. १९९२ मध्ये एफबीआय आली आणि सांगाडा जप्त झाला, कारण ती जमीन शायेन रिव्हर सू राखीव क्षेत्रातली होती आणि सरकारच्या विश्वस्त ताब्यात होती. शेवटी १९९७ मध्ये लिलाव होऊन शिकागोच्या फील्ड म्युझियमने मॅकडोनल्ड्स आणि डिस्ने यांच्या मदतीने तो ८३ लाख डॉलरहून जास्त किमतीला घेतला.

सिनेमा सुंदर आहे. जप्तीच्या दिवशी गावातली पोरं फलक घेऊन उभी असतात, मोठी माणसं रडतात. पण कॅमेरा सगळा वेळ लार्सन यांच्या खांद्यामागे उभा आहे. सरकार म्हणजे खलनायक. ज्या लोकांच्या राखीव जमिनीतून सांगाडा निघाला त्यांना काय वाटत होतं, हे ऐकायला मिळत नाही म्हटलं तरी चालेल. विल्यम्स यांचं पुस्तक या सिनेमाहून खूप प्रामाणिक आहे. पण दोघांचंही लक्ष मोठ्या सांगाड्यावर आहे. सांगाडा एवढा भव्य असतो की भांडण आपोआप 'कुणाचा' यावर येतं. दात लहान असतो. त्याच्याबाबत विचारायचा प्रश्न 'कुठला' हा असतो.

आमच्या कामातलं उदाहरण देते. टेस्टर कधीकधी नुसता एररचा स्क्रीनशॉट पाठवतो. बिल्ड नंबर नाही, काय केल्यावर आलं ते नाही, वेळ नाही. एरर खरी असते, स्क्रीनशॉट खरा असतो, आणि तरी त्याचं काहीही करता येत नाही. पत्ता नसलेला जीवाश्म म्हणजे असा स्क्रीनशॉट.

पुस्तकात नाही ते मी दोन गावांवरून सांगते. दोन्ही आपल्याच दख्खनच्या दगडातली आहेत.

पहिलं पिसदुरा. चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ. तिथल्या शेतांत लॅमेटा थरातले जीवाश्म उघडे पडतात. डायनोसॉरची हाडं, आणि दगड झालेली विष्ठा. होय, शेणाचे दगड. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी या दगडांच्या आत गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण शोधले आणि २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापलं. तोवर डायनोसॉरच्या काळात गवत जवळपास नव्हतंच असं धरलं जायचं. इथे तर गवताचे अनेक प्रकार खाऊन पचवलेले होते. हे विधान करता आलं कारण तो दगड कुठल्या थरातला ते माहीत होतं, आणि तो थर दख्खनच्या लाव्हाच्या खाली आहे हे माहीत होतं. तोच दगड कुणाच्या टेबलावर पेपरवेट म्हणून असता, तर त्यात गवत सापडूनही काही सिद्ध झालं नसतं.

दुसरं नासकल, तेलंगणात. लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेली माती तिथे आहे. ती धुऊन, चाळून त्यातून मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे दात काढले गेले. १९८८ मध्ये प्रसाद आणि साहनी यांनी त्यांवरून एक छोटा सस्तन प्राणी जाहीर केला, डेक्कनोलेस्टीस हिसलोपी. नागपूरकरांना हे नाव ओळखीचं वाटेल. ज्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप एकोणिसाव्या शतकात या भागातले जीवाश्म गोळा करायचे, पिसदुऱ्यातलेसुद्धा. तर भारतात डायनोसॉरच्या काळातही सस्तन प्राणी होते, हा पुरावा तांदळाच्या कणीपेक्षा लहान दातांनी दिला. बाजारात त्यांना कुणी विचारणार नाही. पण त्यांचा पत्ता पक्का आहे, खाली लाव्हा आणि वर लाव्हा.

*

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. उघडा पडलेला जीवाश्म कुणी उचलला नाही तर ऊन-पाऊस त्याचा चुरा करतो. शास्त्रज्ञ मूठभर, डोंगर अफाट. मेरी ॲनिंगने विकायला म्हणून काढलेले प्राणीच आज संग्रहालयांत आहेत. आणि दातांच्या बाबतीत तर बाजाराचा मोठा विजय आहे. १९३५ साली राल्फ फॉन क्यूनिग्सवाल्ड यांनी हाँगकाँगच्या औषधांच्या दुकानात 'ड्रॅगनचा दात' म्हणून विकायला ठेवलेली एक प्रचंड दाढ पाहिली. ती निघाली एका अवाढव्य वानराची, जायगँटोपिथेकसची. दुकानच नसतं तर तो दात औषधासाठी कुटला गेला असता, किंवा कुणाच्या नजरेला पडलाच नसता.

पण ही गोष्ट इथे थांबवली तर अर्धी राहते. दाढ मिळाली, पत्ता नव्हता. ती कुठल्या गुहेतली, किती जुनी, सोबत कुठले प्राणी, काहीच कळेना. १९५०च्या दशकात चिनी शास्त्रज्ञ हाडं विकणाऱ्या लोकांचा माग काढत ग्वांग्शीच्या गुहांपर्यंत पोचले, तेव्हा कुठे थरात बसलेले दात आणि जबडे मिळाले. मधली वीसेक वर्षं तो दात हा फक्त एक आश्चर्य होता. बाजाराने वस्तू पोचवली, पत्ता माणसांना पायी चालत शोधावा लागला.

म्हणून मला 'विज्ञान की विक्री' ही मांडणीच जरा फसवी वाटते. फ्लोरिडाचा नियम यात गमतीदार आहे. सरकारी जमिनीवरून पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म घ्यायला पाच डॉलरचा परवाना लागतो. शार्कच्या दातांना त्यातून सूट आहे, कारण शार्क आयुष्यभर हजारो दात गाळतो, ते वाटेल तेवढे पडलेले असतात. परवानाधारकाने काय सापडलं आणि कुठे सापडलं, याची यादी फ्लोरिडाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाला द्यायची. त्यांनी साठ दिवसांत मागितलं नाही तर वस्तू तुमची. ठेवा, वाटा, विका. म्हणजे कायदा म्हणतो, आधी पत्ता द्या, मग दाताचं काय करायचं ते करा. प्रोकोपी याच राज्यात, याच नद्यांत वाढला. विल्यम्स यांनी या साध्या फॉर्मवर चार पानं जास्त खर्च केली असती, तर त्या कस्टम्सच्या खोट्या फॉर्मची शरम वाचकाला दहापट जाणवली असती. दोन फॉर्म. एकात माणूस पत्ता लिहितो, दुसऱ्यात पुसतो. माझ्या मते या पुस्तकाची सगळी गोष्ट या दोन कागदांच्या मधली आहे.

आणि बाजार थांबलेला नाही. २०२० मध्ये 'स्टॅन' नावाचा टी. रेक्स ३ कोटी १८ लाख डॉलरला गेला, २०२४ मध्ये 'एपेक्स' हा स्टेगोसॉरस ४ कोटी ४६ लाखांना. या आकड्यांपुढे कुठल्याही विद्यापीठाचं बजेट उभं राहत नाही. अशा वेळी गोबीत रात्री खोदणाऱ्या माणसाला कितीसं मिळत असेल? पुस्तक त्या टोकापर्यंत पोचतं, पण ती माणसं प्रोकोपीइतकी मनात राहत नाहीत. ही त्याची दुसरी उणीव. आपल्याला परिचित घर असलेल्या गुन्हेगाराबद्दल जास्त कळवळा येतो, हे लेखिकेला माहीत असणार. ते ओलांडायला तिला जागा होती.

तरीही पुस्तक वाचाच. आपण चांगले आहोत अशी समजूत असलेल्या माणसाने वाचावं असं ते आहे. 'डायनोसॉर १३' त्यानंतर बघा, आधी नको.

*

माझी यादी मी पाठवली. नदीचं वळण, तारीख, पिन, फोटो, शेजारच्या खडीचं वर्णन. एक गोष्ट मला तोवर कळून चुकली होती. नदीने आधीच घोटाळा केलेला असतो. तिने वरचे-खालचे थर कापून हिमयुगातल्या वस्तू आणि त्याहून कितीतरी जुने दात एकाच खडीत कालवलेले असतात. माझ्या दाताचा खरा थर मी नदीत उतरायच्या कितीतरी आधी हरवला होता. माझा पत्ता म्हणजे पुनर्वसनानंतरचा पत्ता. साठ दिवस गेले, कुणी दात मागितला नाही. मला थोडं वाईट वाटलं, थोडं बरंही. आता तो कायद्याने माझा आहे आणि चाळीस डॉलरला विकायला मी मोकळी आहे.

विकला तर पाप होईल असं मला वाटत नाही. पण विकताना सोबत चिठ्ठी जाईल याची खात्री नाही, म्हणून अजून विकलेला नाही. छोट्या डबीत कापसावर ठेवलाय, झाकणाखाली चिठ्ठी.

सुट्टीत वरोऱ्याला गेले होते, माझं आजोळ तिथलं. मामाला डबी दाखवली. तो हसला. "एवढ्याशा दातासाठी एवढा कारभार? पिसदुऱ्याकडले असे गोटे आपल्या घरीच आहेत ना पोरी." आणि त्याने खरंच दुकानातल्या गल्ल्यावरून एक लांबट, पिळदार, तपकिरी दगड आणून हातात दिला. मी लहानपणापासून पाहिलेला, बिलांवर ठेवायचा दगड. गेली चार-पाच वर्षं मी जे फोटो बघतेय, हुबेहूब तसा.

"मामा, हा कोणत्या वावरातला? कुठं सापडला होता?"

मामा विचार करत राहिला. आजोबांनी आणला होता की त्यांच्या मित्राने दिला होता, पिसदुऱ्याचाच होता की अलीकडच्या नाल्यातला. "बाबांना माहीत असेल," तो म्हणाला.

आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली. मी दगड परत बिलांवर ठेवला.